निगेटिव्हवर बसलेला हात डिजिटलवर का अडतो?

नागपुरात साठी ओलांडलेल्या कुठल्याही स्टुडिओवाल्याशी डिजिटलबद्दल बोला, एक तक्रार हमखास ऐकू येते. "पांढरं सगळं उडून जाते ना भाऊ. रोलवर असं होत नव्हतं." नवरदेवाचा कुर्ता सपाट दिसतो, नवरीच्या कपाळावर फ्लॅशचा पांढरा डाग बसतो, आकाशातले ढग गायब होतात. घरातली तरुण मंडळी यावर "काकांना नवीन कॅमेरा जमत नाही" असं म्हणून मोकळी होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. काकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिचं कारण त्यांच्या वयात नाही, वस्तूच्या गुणधर्मात आहे. फिल्म आणि सेन्सर, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, जास्तीच्या उजेडाला एकमेकांच्या अगदी उलट वागतात. तीस वर्षं ज्या सवयीने रोल वाचवले, तीच सवय डिजिटलवर फोटो जाळते. एवढी एक गोष्ट नीट कळली तर बाकीचं शिकणं फार अवघड राहत नाही.

आधी रोलवर काय घडत होतं ते पाहू.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण. एखाद्या कणावर पुरेसा प्रकाश पडला की त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. त्या क्षणी डोळ्यांना काहीच दिसत नाही. रोल डेव्हलपरमध्ये गेला की असा पुंजका असलेले कण पूर्णच्या पूर्ण काळ्या चांदीत बदलतात. उरलेले कण हायपो हे रसायन विरघळवून काढून टाकतं. म्हणून निगेटिव्हवर उजेडाची जागा काळी आणि अंधाराची जागा कोरी दिसते.

आता प्रकाश कमी पडला तर? पुंजके तयारच होत नाहीत. तिथे फिल्म कोरी निघते आणि कोऱ्या फिल्ममधून प्रिंटवर काहीही आणता येत नाही, प्रिंट काढायच्या एन्लार्जर यंत्रावर कितीही झटा. प्रकाश जास्त पडला तर मात्र गोष्ट वेगळी. बरेचसे कण आधीच कामी आलेले असतात, मागे उरलेले अधिकाधिक उजेडालाच दाद देतात, त्यामुळे निगेटिव्हचा काळेपणा वाढत जातो पण त्याचा वेग मंदावतो. निगेटिव्ह जाड होते, तरी शुभ्र कापडाच्या घड्या त्या जाडीत कुठेतरी नोंदलेल्या असतात. प्रिंट काढताना थोडे सेकंद जास्त दिले की त्या कागदावर उतरतात. रंगीत निगेटिव्ह रोल तर दोन-दोन स्टॉप ओव्हर गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; ओव्हर म्हणजे जास्त, अंडर म्हणजे कमी) तरी बहुतेक वेळा वापरण्याजोगा फोटो देत असे.

यातून जुन्या उस्तादांचा एक नियम बनला होता: अंडर नको, ओव्हर चालेल. शंभर एएसएचा रोल भरायचा (एएसए म्हणजे फिल्मचा वेग, आजचा आयएसओ) आणि उजेड मोजणाऱ्या मीटरवर ८० किंवा ६४ लावून ठेवायचं, म्हणजे मीटर थोडा जास्तीचा उजेड सुचवतो. लग्नात तर हमखास. मुहूर्त पुन्हा येत नाही आणि रोल धुतल्याशिवाय निकाल कळत नाही, मग अर्ध्या स्टॉपच्या आसपास उजेड जास्तीचा देऊन ठेवलेला बरा. ही घाबरटपणाची सवय नव्हती. त्या साधनावर तोच शहाणपणा होता.

या व्यवहारात एक तिसरा माणूसही होता, त्याला आपण विसरतो: लॅबमधला प्रिंटर. कोडॅकने १९७२ साली आणलेली सी-४१ ही रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत पुढे जगभर चालली. तिचा डेव्हलपर सुमारे ३८ अंश सेल्सिअसवर लागतो आणि त्यात अर्ध्या अंशाचाही फरक खपत नाही. त्यामुळे रंगीत रोल लॅबकडे गेले. तिथे मशीनवर बसलेला माणूस एकेका फ्रेमची घनता आणि रंग पाहून दुरुस्त करत असे. ओव्हर गेलेली फ्रेम तो सावरायचा, हॅलोजनच्या उजेडातला पिवळेपणा कमी करायचा, ट्यूबलाइटचा हिरवेपणा काढायचा. छायाचित्रकाराची एक स्टॉपची चूक लॅब पोटात घालत असे आणि गिऱ्हाइकाच्या हाती नीट प्रिंट पडत असे. डिजिटल आलं तेव्हा कॅमेरा बदलला हे सगळ्यांना दिसलं. लॅबमधल्या त्या माणसाचं अख्खं काम छायाचित्रकाराच्या टेबलावर येऊन पडलं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

कृष्णधवल काम मात्र बरेच जण स्वतःच्या डार्करूममध्ये करत. त्याच्या डेव्हलपरसाठी २० अंश तापमान प्रमाण धरलेलं. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा टाकीच्या पाण्याने रोल धुवायचा म्हणजे जिलेटिन मऊ पडून ओरखडे उठायचे. मग डेव्हलपरची बाटली बर्फाच्या घमेल्यात बसवायची, थर्मामीटर लावून वाट पाहायची, नाहीतर पहाटे पाणी गार असताना काम उरकायचं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' ब्रँडचा माल ज्यांनी हाताळला, त्या पिढीचा रसायनांचा हिशेब तोंडपाठ होता. ज्यांनी हे केलं आहे, त्यांना कॉम्प्युटरवरचे चार स्लायडर कळणार नाहीत असं मानणं मला पटत नाही.

आता सेन्सर.

१९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चिप शोधली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने अशी चिप वापरून हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र शंभर बाय शंभर म्हणजे फक्त दहा हजार बिंदूंचं आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. पुढे १९९९ साली निकॉनचा डी-१ आला, तोही पावणेतीन मेगापिक्सेलच्या आसपास. २००३-०४ मध्ये कॅननचा ३००डी आणि निकॉनचा डी-७० आले, तेव्हा कुठे हे साधन छोट्या स्टुडिओवाल्यांच्या आवाक्यात येऊ लागलं. २०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे साठीतल्या माणसाचं अर्धं कामाचं आयुष्य संपल्यावर अवघ्या आठ-दहा वर्षांत पायाखालची जमीन बदलली.

सेन्सरवर लाखो बारीक खाचा असतात. पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात प्रत्येक खाचेत विद्युतभार साठतो. पावसात अंगणात ओळीने मांडलेले पाण्याचे गुंड डोळ्यांपुढे आणा. पाऊस दुप्पट झाला तर पाणी दुप्पट. अगदी सरळ हिशेब. पण गुंड काठोकाठ भरला की पुढचं पाणी सांडून जातं. नंतर आपण येऊन मोजलं तर भरलेला गुंड फक्त 'भरलेला' एवढंच सांगतो, वरून किती पाऊस गेला ते सांगत नाही. शेजारचे दहा गुंडही असेच भरले असतील तर त्या दहांमध्ये फरक उरत नाही. उडालेलं पांढरं म्हणजे हेच. तिथे घड्या, जर, कशिदा यांची नोंदच नसते. कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

उलट तळाशी थोडंच पाणी असेल तर तेही मोजता येतं. मोजमाप जरा खडबडीत येतं, म्हणजे सावल्यांत दाणे-दाणे दिसतात, पण माहिती असते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या चांगल्या सेन्सरवर दोन स्टॉप अंडर गेलेला फोटो उजळवला तरी तो कामाचा निघतो.

म्हणून नियम फिरतो. निगेटिव्हवर सावल्या सांभाळायच्या, उजेड आपोआप सांभाळला जायचा. डिजिटलवर उजेड सांभाळायचा, सावल्या नंतर वर काढायच्या. ज्यांनी पूर्वी स्लाइड म्हणजे ट्रान्सपरन्सी फिल्मवर काम केलं आहे, त्यांना हे लगेच पटतं, कारण स्लाइडही ओव्हर सहन करत नसे. मासिकांसाठी किंवा जाहिरातींसाठी स्लाइड वापरणारे डिजिटलवर लवकर रुळले. लग्नाचं काम निगेटिव्हवर करणारे अडखळले. फरक अनुभवाच्या प्रकाराचा होता.

नागपूरकरांना ओळखीचं उदाहरण द्यायचं तर दीक्षाभूमीपेक्षा चांगलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, बहुतेक जण पांढऱ्या कपड्यांत. मागे पांढरा स्तूप, वर ऑक्टोबरचं कडक ऊन. त्या गर्दीत एक आजी उभी आहे. पांढरं सुती लुगडं, निळे काठ, घडी मोडून नेसलेल्या कापडावर इस्त्रीच्या रेघा, पदराच्या सावलीत सावळा चेहरा. जुना माणूस मीटर न बघता सांगेल: शंभर एएसए, एकशे पंचवीसचा शटर, एफ १६. हा उन्हाचा हिशेब आजही तंतोतंत लागू आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या पावलात आहे. चेहरा सावलीत आहे म्हणून हात सवयीने लेन्सची रिंग एफ ११वर नेतो, म्हणजे लेन्सचं तोंड एक स्टॉप जास्त उघडतो. निगेटिव्हवर ते योग्यच होतं.

आता आकडे बघा. उन्हातलं पांढरं कापड मधल्या राखाडीपेक्षा (मीटर ज्याला सरासरी उजेड धरतो ती छटा) सुमारे सव्वादोन स्टॉप उजळ असतं. कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगमध्ये मधल्या राखाडीच्या वर साधारण अडीच-तीन स्टॉपचीच जागा असते. एफ १६वर लुगडं त्या जागेत मावतं. एफ ११वर ते सव्वातीन स्टॉपवर जातं आणि भिंतीवर आदळतं. इस्त्रीच्या रेघा गेल्या, पदराची कड गेली, मागचा स्तूपही सपाट झाला. एक स्टॉप, बस. एफ १६वर ठेवून रॉ फाइल घेतली असती तर लुगड्याची वीण राहिली असती आणि पदराखालचा चेहरा नंतर घरी बसून उजळवता आला असता.

रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेले मूळ आकडे. जेपेग म्हणजे त्या आकड्यांवरून कॅमेऱ्याने स्वतःच्या मर्जीने बनवून दिलेली प्रिंट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावली उजळवताना या पायऱ्याच कामी येतात. जेपेगची सावली ताणली की चेहऱ्यावर पट्टे आणि डाग उठतात. निगेटिव्ह जपून ठेवायची आणि प्रिंट गिऱ्हाइकाला द्यायची, ही पद्धत अंगवळणी असलेल्या माणसाला रॉ समजायला पाच मिनिटं पुरतात.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मात्र विश्वास ठेवू नका. भर उन्हात ती काळपट दिसते, फोटो अंडर आहे असं वाटतं आणि हात आणखी एक स्टॉप उघडतो. त्याऐवजी हिस्टोग्राम पाहा. डोंगरासारखा जो आलेख येतो त्याची डावी बाजू अंधाराची, उजवी उजेडाची. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर काहीतरी उडालं आहे. मध्ये डोंगर कसाही असो, तो दृश्याचा स्वभाव आहे, त्याला दुरुस्त करू नका. प्लेबॅकच्या मेनूत 'हायलाइट्स' किंवा 'हायलाइट अलर्ट' नावाची सोय असते, ती चालू केली की उडालेली जागा लुकलुकते. चष्मा न लावताही तेवढं दिसतं. मी ओळखीच्या ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी हीच एक सोय चालू करून देतो.

मीटरची खोड मात्र जुनीच राहिली आहे. समोर काहीही असो, तो ते मधलं राखाडी समजतो. पांढऱ्या गर्दीवर धरला तर अंडर सुचवतो, तिथे मीटरच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्तीचा द्यावा लागतो. मारबतीच्या दिवशी उलटं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या गल्ल्यांतून काळी मारबत निघते, फ्रेम त्या काळ्या पुतळ्याने भरते, मीटर घाबरून शटर हळू करतो आणि भोवतालच्या पोरांचे चेहरे, वरच्या पट्टीतलं आकाश सगळं उडतं. तिथे एक स्टॉप कमी. पिवळ्या मारबतीला सहसा काही करावं लागत नाही. हे सगळं जुन्या माणसाला आधीच येतं. त्याला फक्त ही दुरुस्ती करायचं बटण दाखवा, अधिक-उणे अशी खूण असलेलं.

लग्नातल्या लाल शालूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे हिस्टोग्रामही फसवतो. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत. प्रत्येक खाचेवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, १९७६च्या पेटंटमधली: निम्म्या खाचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. लाल शालूवर, त्यात हॅलोजनच्या लालसर उजेडात, लाल काचेखालच्या खाचा सगळ्यात आधी भरतात. हिरव्या-निळ्यात अजून जागा असते, म्हणून एकत्र आलेख निर्धास्त दिसतो. पण शालूचा बुट्टा लाल रंगाच्या गोळ्यात हरवलेला असतो. झेंडूच्या माळा आणि हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा यांचंही तेच. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो, तो लावा. आताच्या स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी दिवे निळ्या रंगाचं हेच करतात.

जुन्या फ्लॅशबद्दल एक धोक्याची सूचना. गाइड नंबरला (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) अंतराने भागून एफ काढायचं गणित आजही चालतं: गाइड नंबर ३२, अंतर चार मीटर, तर एफ ८. पण काही जुन्या फ्लॅशगनच्या पिनवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. यांत्रिक कॅमेऱ्याला त्याने फरक पडत नव्हता. डिजिटल बॉडीचं सर्किट जळू शकतं. मल्टिमीटरने मोजून घ्या, नाहीतर फ्लॅश बिनतारी उडवणारा रेडिओ ट्रिगर मध्ये लावा.

जुन्या लेन्सा फेकू नका. निकॉनचं एफ माउंट (लेन्स बसवायची कडी) १९५९पासूनचं, पेंटॅक्सचं के माउंट १९७५पासूनचं, त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच लेन्सा त्यांच्या डिजिटल एसएलआरवर बसतात. कॅननने १९८७ साली माउंट बदललं, म्हणून त्यांची जुनी एफडी लेन्स पुढच्या ईओएस कॅमेऱ्यांवर थेट बसत नाही. लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० मिमीची लेन्स ७५सारखी वागते. दहा फुटी स्टुडिओत हाफ फोटो घेताना पाठ भिंतीला टेकते ती यामुळे. तिथे ३५ मिमी घ्या.

फोकसचा त्रास डोळ्यांचा मानला जातो. अर्धं कारण तेवढंच आहे. जुन्या कॅमेऱ्यांत मधोमध दुभंगलेलं चित्र जुळवायची सोय असे, ती डिजिटल एसएलआरमधून निघून गेली. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला छोटी चकती असते, ती फिरवून आपल्या नजरेला बसवता येते. कित्येकांना ती असल्याचंच माहीत नसतं. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात तर चित्र मोठं करून पाहता येतं, फोकसच्या कडा रंगाने उजळतात आणि कुठे पांढरं उडतंय ते बटण दाबण्याआधीच दिसतं. वय झालेल्या छायाचित्रकाराने नवीन बॉडी घ्यायचीच असेल तर मी मिररलेसच सुचवेन.

धूळ हा नागपूरचा जुना पाहुणा. फिल्मची प्रत्येक फ्रेम नवी कोरी असे, सेन्सर एकच. एफ १६-२२वर त्यावरचे कण आकाशात काळे ठिपके बनून येतात. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, पंख्याखाली बदलू नका.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. बटर पेपरच्या पाकिटातली चाळीस वर्षांपूर्वीची निगेटिव्ह आज खिडकीपाशी धरली तर चेहरे ओळखू येतात. हार्ड डिस्क मात्र सांगून जात नाही. एका लग्नाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. निगेटिव्हना इथे धोका आहे तो उन्हाळ्याचा, आणि त्याहून कूलरचा. कूलरच्या दमट हवेत पाकिटं चिकटतात, बुरशी धरते. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवलेल्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर तिचा पाया सडायला लागलेला असतो. ती वेगळी काढा आणि तिची प्रत सगळ्यात आधी करा.

प्रत करायला महागडा स्कॅनर लागत नाही. एलईडीचं लाइट पॅड, जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स, कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून निगेटिव्हला समांतर, आणि रॉ फाइल. निगेटिव्हची कोरी कडा हा फ्रेममधला सगळ्यात उजळ भाग, ती उजव्या भिंतीला टेकण्याच्या जरा आत राहील एवढा उजेड द्या. रंगीत निगेटिव्हची ती नारिंगी छटा कडेवरून व्हाइट बॅलन्स घेऊन काढा, मग चित्र उलटवा. जाडी पाहून कुठल्या फ्रेमला किती वेळ द्यायचा हा अंदाज डार्करूममध्ये काम केलेल्या माणसाइतका कुणालाच नसतो, म्हणून हे काम मुला-नातवंडांनी परस्पर न करता त्यांना शेजारी बसवून करावं. पाकिटांवर बहुतेकदा फक्त बिल नंबर असतो. स्टुडिओचं जुनं रजिस्टर हाताशी असेल तर त्याची पानंही त्याच बैठकीत टिपून घ्या आणि प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि आडनाव घाला.